रिकाम्या हातानं लेवांतोला

लिफ्टचं दार मिटत होतं, तेवढ्यात छायाताईंनी मध्ये हात घालून ते थांबवलं. आत जहूर होता, जहूरच्या हातात खोकं होतं आणि खोक्याच्या मागे जहूरचा चेहरा होता. छायाताईंनी चेहऱ्याआधी खोकं ओळखलं. "काय जहूरभाई, गावाला का?" आणि तो म्हणाला, "हो."

एवढंच झालं. लिफ्ट वर निघाली. छायाताई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या, पुण्याच्या. नवरा सूर्यकांत रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात, तिथंच राहतो आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी येतो, त्यामुळे मधल्या दिवसांत साठलेलं बोलणं त्या लिफ्टमध्ये भेटेल त्याच्याकडे रिकामं करतात. "मजा आहे बाबा तुमची. आंबे संपले असतील आता, पण फणस असेल की. शहनाझला सांगा, मी येते संध्याकाळी." त्या सहाव्यावर उतरल्या. सातव्यापर्यंत आरशात एक माणूस उभा होता, पन्नाशी ओलांडलेला, दोन्ही हातांनी रिकामं खोकं पोटाशी धरलेला, आणि तो माणूस गावाला जाणार नव्हता.

तो इटलीला जाणार होता. हे त्याला आरशात कळलं असं नाही. पासपोर्टवर व्हिसा होता, तिकिटं होती, शारजाहहून मिलान, मिलानहून रेल्वेनं समुद्रापर्यंत, समुद्रकाठी लेवांतो नावाच्या गावात ओर्नेला नावाच्या बाईच्या घरातली दोन खोल्यांची जागा, सगळं ठरलं होतं, ठरवण्यात तो स्वतः होता, आणि (हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं) ठरवण्यात त्याला फार गंमत आली होती. पण डोक्याला माहीत असतं ते हाताला माहीत असतंच असं नाही. दुपारी शारजाहजवळच्या हमरिया बंदरातल्या गोदामात फोर्कलिफ्टवाल्यानं हाक मारली होती, "साब, आपका गाँववाला कार्टन रखा है," आणि हातानं ते उचललं, गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घातलं, रोलाच्या सिग्नलला मागे वळून ते नीट बसलंय ना पाहिलं. जहूर अत्तराच्या बाटल्या भरणाऱ्या कंपनीत डिस्पॅच बघतो. काच जाते ती खोकी साधी नसतात, पाच पदरी असतात, आणि दर वर्षी या दिवसांत कुणीतरी त्यातलं एक कोरं, न दुमडलेलं, त्याच्यासाठी बाजूला ठेवतं. यंदाही ठेवलं. ठेवणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणी? जिला पहिल्यांदा सांगायचं होतं तिलाच अजून

ही बाजू वर

असं खोक्यावर छापलेलं असतं, चार भाषांत, बाणासकट. जहूरला ते बाण लहानपणच्या कुठल्याही धड्यापेक्षा जास्त पाठ आहेत. बॅचलर होता तेव्हापासून, म्हणजे एका खोलीत आठ जण आणि आठ जणांची आठ खोकी पलंगाखाली, तेव्हापासून खोकं भरणं ही त्याची विद्या. तळाला साबण, कारण साबण दबत नाही. साबणावर दुधाच्या पावडरीचे डबे उभे, डब्यांच्या मधल्या पोकळीत बामच्या बाटल्या मोज्यांत गुंडाळून, वर कापड, कापडाच्या घडीत चॉकलेट, सगळ्यात वर जायनमाज, म्हणजे कस्टमवाल्यानं फोडलं तर पहिला हात नमाजाच्या चटईवर पडावा आणि जरा हलका पडावा. मग टेप. मग सुतळी, दोनदा आडवी, दोनदा उभी, गाठ वर. मग मार्कर. नाव इंग्रजीत, गाव इंग्रजीत, आणि खाली, ज्याची काही गरज नसते ते, मराठीत परत एकदा. मग वजन. बाथरूमसमोर वजनकाटा ठेवायचा, खोकं छातीशी घेऊन त्यावर चढायचं, शहनाझनं वाकून आकडा वाचायचा, कारण खोकं घेतलेल्या माणसाला स्वतःची पावलंही दिसत नाहीत; आणि त्यातून जहूर वजा करायचा. जहूर आधीच मोजून ठेवलेला असतो. "तुम्ही वजा करून एकतीस," शहनाझ म्हणते. मग एक डबा बाहेर येतो, खालच्या छायाताईंना मिळतो. असं वर्षानुवर्षं.

आणि खोकं उघडणं ही अम्माची विद्या. हव्वाबी. कोकणातल्या गावच्या घराच्या पडवीत ती खुर्चीवर बसते, खोकं तिच्या पायांशी, आणि सगळे येतात, भाच्या, पुतणे, मशिदीजवळची चाची, जी कुणाचीच चाची नाही. सुतळी कापायची नाही, सोडायची; सुतळीला वर्षभर काम असतं. मग ती एकेक वस्तू हातात घेते, जरा तोलते आणि नाव घेते. "नबिला." "अर्सलान." "उझमा, ये, तुझा." कोणाला काय हे जहूर ठरवत नाही, शहनाझ ठरवत नाही, ते अम्माला वस्तू हातात घेतल्यावर कळतं. अब्बा गेल्यापासून तिचं बोलणं कमी झालंय, गुडघ्यांमुळे चालणं कमी झालंय, पण त्या एका दुपारी ती पडवीतल्या खुर्चीवर अशी बसते की तिच्यासमोर कुणी पाय पसरून बसत नाही. ती दुपार यंदा येणार नव्हती, आणि हे तिला अजून माहीत नव्हतं. दर शुक्रवारी जुम्म्यानंतर तो तिला बोटिम अ‍ॅपवर व्हिडिओ फोन लावत होता, आणि दर शुक्रवारी ती विचारत होती, "तिकीट काढलं?" आणि तो म्हणत होता, "काढलं, अम्मा." यात खोटं काही नव्हतं. तिकीट काढलेलंच होतं.

घरात शिरला तेव्हा अलिना जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. खोक्याकडे तिनं पाहिलं, मग बापाकडे. "अब्बू. व्हॉट इज दॅट?"

"खोकं."

"आय कॅन सी इट्स अ खोकं. हू इज इट फॉर?"

जहूरनं ते दाराच्या मागे उभं केलं, बाण वर करून. अलिना बारावी झाली आहे, सप्टेंबरात शिकायला हॉलंडला जाणार आहे, आणि इटली ही तिनं बापाकडे मागितलेली गोष्ट आहे. जन्मात तिनं फार काही मागितलं नाही, म्हणजे मागितलं, पण ते मॉलमध्ये मिळण्यासारखं असायचं. फेब्रुवारीत एकदा जेवताना ती म्हणाली होती, वन हॉलिडे, अब्बू, प्रॉपर हॉलिडे, जिथं आपण कुणाला भेटायला जात नाही. गाव इज नॉट अ हॉलिडे. शहनाझनं आमटीचा डाव खाली ठेवला आणि जहूरला वाटलं आता ही पोरीला बोलणार, तर शहनाझ म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मी गावाला जाते म्हणजे काय करते? इथं तिघांचा स्वयंपाक करते, तिथं अठरा जणांचा." मग ती हसली आणि पुन्हा वाढायला लागली, आणि त्या हसण्यात बावीस वर्षांच्या संसारातली एक अशी खोली जहूरला दिसली की जिचा दिवा त्यानं कधी लावून पाहिला नव्हता. त्याच आठवड्यात ठरलं. तुर्कस्तान की ग्रीस की इटली यावर पंधरा दिवस गेले. शहनाझची एकच अट, मासे मिळाले पाहिजेत, म्हणजे हलालचा प्रश्न मिटला. अलिनानं टेबलावर नकाशा उघडला आणि बोटानं किनारा दाखवला, आणि जहूर वाकून बघायला लागला तो वाकलेलाच राहिला. डोंगर थेट समुद्रात उतरलेला. डोंगराच्या पोटातून रेल्वे, बोगद्यातून बाहेर येते, क्षणभर समुद्र, पुन्हा बोगदा. "कोकणासारखंच आहे की," तो म्हणाला. "अब्बू, प्लीज," अलिना म्हणाली. पण ते होतंच तसं. आणि तसं नव्हतंही, त्यामुळेच बघवत होतं.

हूक लावू नये

हेही छापलेलं असतं खोक्यावर, हमालांसाठी. जहूरला मात्र लागला होता. लेवांतोच्या रस्त्यांचे फोटो मोबाइलवर असे जोडलेले आहेत की बोट सरकवलं की आपण चालतो, हे अलिनानं त्याला दाखवलं, आणि तेव्हापासून दुपारच्या सुट्टीत हमरियाच्या पार्किंगमध्ये, गाडीचा एसी लावून, डबा मांडीवर ठेवून, तो लेवांतोत चालायला लागला. बाहेर जूनचं ऊन असं की विंडस्क्रीनवर हात ठेवला तर कातडी चिकटावी, दूर टाक्यांच्या रांगा, त्यामागे खाडीचं पांढरट पाणी, ज्याच्याकडे तिथं कुणीच बघत नाही. आणि त्याच्या अंगठ्याखाली एक उतरता रस्ता, दोन्ही बाजूंना जर्द पिवळी, विटकरी, फिकट गुलाबी घरं, खिडक्यांना हिरवी फळ्यांची दारं, दोरीवर वाळत घातलेला एक टॉवेल. तो टॉवेल तिथं कायम. घरं एकावर एक रचलेली, जागा न सोडता, बाण वर. तो त्या रस्त्यानं उतरायचा, स्टेशनवरून डावीकडे, एका बेकरीवरून, आणि समुद्रावर यायचा. होड्या ओढून ठेवलेल्या. त्यांचा तळ निळा रंगवलेला. जाळी कुठं वाळवतात हे त्यानं बरंच शोधलं, सापडलं नाही. मासळी कुठं विकतात तेही नाही. पण समुद्राकडे तोंड करून एक बाक होता आणि बाकावर एक माणूस बसला होता. त्याचा चेहरा पुसलेला होता, अशा फोटोंत सगळ्यांचेच पुसतात. शर्ट पांढरा, पाय ताणलेले, हात मांडीवर उताणे. हातात काहीही नाही. पिशवी नाही, फोन नाही, शेजारीही काही ठेवलेलं नाही. जहूर रोज त्याच्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. घास चावत त्याच्याकडे बघायचा. पहिल्या दिवशी वाटलं, कुणाची तरी वाट बघतोय. मग वाटलं, नाही. वाट बघणारा माणूस मान वळवतो. हा वळवत नाही, आणि यापुढे कधी वळवणार नाही. मग डबा बंद, यल्ला, चला, दोनची गाडी लोड व्हायची आहे. पण दिवसभर ते उताणे हात त्याच्या डोळ्यांसमोर असायचे, आणि त्यातून एक सुख यायचं, एखाद्या दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं बारीक, पुरवून पुरवून घ्यायचं. आपण तिथं बसणार. त्याच बाकावर. आणि त्या सुखाच्या मागोमाग, त्याच्या सावलीत चालत आल्यासारखी, पडवीतली खुर्ची.

तिकिटांवर सामान नव्हतं. हे त्याला मे महिन्यात कळलं. "चेक-इन बॅग घेतलीच नाहीस?" त्यानं विचारलं होतं. "वी डोन्ट नीड इट," अलिना म्हणाली. "बॅकपॅक्स. माणशी एक. एव्हरीबडी ट्रॅव्हल्स लाइक दॅट." तो तिकिटाकडे बघत राहिला. त्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं असं तिकीट पाहिलं नव्हतं, ज्याच्यावर माणूस आहे आणि सामान नाही. जणू कुणी त्याला सांगितलं, या, पण काही आणू नका, तुमची कुणी वाट बघत नाहीये. आपण जिथं जायचो तिथं आपल्या पुढे आपली खोकी जायची. पट्ट्यावरून ती फिरत यायची, सुतळीवरून ओळखू यायची, आणि दाराबाहेर उभे असलेले लोक आधी ट्रॉलीकडे बघायचे आणि मग मिठी मारायचे. वाईट वाटून घ्यायचं त्यात काही नाही, तोही लहानपणी कुवेतहून आलेल्या चाचाच्या ट्रॉलीकडे असाच बघायचा. पण ट्रॉली नसलेला जहूर कसा दिसतो, हे अजून कुणी पाहिलं नव्हतं. जहूरनंही.

संध्याकाळी छायाताई आल्या. हातात पार्सल होतं.

"फक्त अर्धा किलो आहे हो," त्या चपला काढता काढता म्हणाल्या. "रत्नागिरीला माझी नणंद असते, तिच्यासाठी हँड ब्लेंडर. खोक्याच्या कडेला कुठंही सरकवा. ती येऊन घेऊन जाईल, तुम्हाला हेलपाटा नाही."

शहनाझ किचनच्या दारात उभी. "कुठल्या खोक्याच्या?"

"अहो, गावाला जाताय ना? जहूरभाई म्हणाले लिफ्टमध्ये."

शहनाझनं दारामागे पाहिलं. खोकं होतं. मग तिनं जहूरकडे पाहिलं. जहूर टीव्हीच्या रिमोटवरचं झाकण उघडत होता, ज्याच्यात काही बिघाड नव्हता.

"गावाला नाही, छायाताई," शहनाझ म्हणाली. "इटलीला जातोय आम्ही. हे म्हणाले असतील सवयीनं."

"इटली!" छायाताई सोफ्यावर बसल्याच. "अगं मग ब्लेंडरचं काय करू मी? तिथं कोण नणंद माझी?" आणि स्वतःच इतक्या हसल्या की अलिनाही लॅपटॉपमागे हसायला लागली. "किनाऱ्यावर? खोलीला किती पडतात गं?" अलिनानं दिरहममध्ये सांगितलं. छायाताईंनी डोळे वर करून चोविसांनी गुणलं. "साडेअकरा हजार! एका रात्रीचे! मरू दे, जाऊन या. सूर्यकांतला सांगते मी, बघ जहूरभाईंकडे. तो मला रास अल खैमाच्या पुढे नेत नाही." चहा घेऊन, ब्लेंडर परत उचलून त्या निघाल्या, दारात थांबून म्हणाल्या, "पण सासूबाईंना चुकल्यासारखं होईल हां यंदा," आणि गेल्या.

पुढचं शहनाझ बोलेल म्हणून जहूर वाट बघत राहिला. ती कप उचलत होती. कप उचलताना ती बोलत नाही, धुताना बोलते.

"अम्मांना सांगितलं नाहीत ना अजून?" पाण्याच्या आवाजातून आलं.

"सांगतो."

"मार्चपासून सांगताय. मी सांगू?"

"नको."

"त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळलं तर वाईट. आज छायाताईंना गाव म्हणालात, उद्या कुणाला इटली म्हणाल. गावातली निम्मी माणसं इथं शारजात आहेत. अजमानचा सलूनवाला भेटला की खलास, संध्याकाळपर्यंत मशिदीत पोचेल."

"सांगतो म्हटलं ना."

"आणि सांगवत नसेल," नळ बंद झाला, "तर तिकिटं रद्द करा. मला चालेल. पण पोरीला तुम्ही सांगा, मी नाही."

काच आहे

रात्र त्यानं झोपून काढली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी आंघोळ, पांढरा कुर्ता, मशीद. खुतब्यात इमामानं काय सांगितलं ते त्याला आठवत नाही, फक्त पुढच्या रांगेतल्या माणसाची टाच आठवते, फुटलेली, तेल लावलेली. तो मनातल्या मनात वाक्य भरत होता. तळाला जड ते. अम्मा, अलिना सप्टेंबरात जाणार. त्यावर, पुन्हा सगळे एकत्र कधी. त्यावर मऊ काहीतरी. सगळ्यात वर, फोडणाऱ्याचा पहिला हात जिथं पडेल तिथं, डिसेंबरात नक्की येतो. टेप. सुतळी. घरी आल्यावर बिर्याणी होती आणि त्यानं ती चवीनं खाल्ली, हेही नमूद करायला हवं. भीती त्याच्या जेवणापर्यंत कधी पोचत नाही. मग त्यानं फोन लावला, आणि शहनाझ आणि अलिना, ज्या एरवी या वेळी आपापल्या खोल्यांत असतात, दोघीही टेबलाशी काहीतरी शोधायला लागल्या.

अम्मा फोन नेहमी असा धरते की पडद्यावर तिचं कपाळ येतं आणि वरचा पंखा. पंखा फिरत होता. कपाळ म्हणालं, "जहूर? जेवलास?"

"जेवलो. अम्मा, ऐक. ह्या वर्षी आम्ही गावाला येत नाही."

तळही नाही, सुतळीही नाही. सगळं एकदम बाहेर.

पंखा फिरत राहिला. "सगळी बरी आहात ना?"

"हो."

"नोकरी?"

"आहे."

"मग?"

"फिरायला जातोय. इटलीला. अलिनाची इच्छा." मग त्याला वाटलं हे पूर्ण खरं नाही. "माझी पण आहे."

"इटलीला कोण आहे आपलं?"

हा प्रश्न. त्याला माहीत होतं, हाच येणार. "कोणी नाही, अम्मा."

"मग कशाला?"

"समुद्र बघायला."

फोन हलला. पंखा डावीकडे गेला, भिंतीचा तुकडा दिसला, कॅलेंडर दिसलं, आणि मग ऐकू आलं की ती हसते आहे. खोकला आल्यासारखी, पदर तोंडावर धरून. "समुद्र! अरे, मग आपल्या घरामागं आहे ती काय विहीर?"

मागे अलिनानं फुस्स केलं.

"तू बघितलायस का तो?" अम्मा म्हणाली. आता हसणं नव्हतं, पण रागही नव्हता. "सांग मला. दर वर्षी येतोस. पहिले दोन दिवस वाटावाटी. मग बँक. मग कौलं. मग ह्याचं लगीन, त्याचा साखरपुडा. चहा प्यायलास तरी उभ्यानं पितोस. जायच्या आदल्या संध्याकाळी मी सांगते, जा रे, पुळणीवर घटकाभर बसून ये. काय म्हणतोस?"

तो काय म्हणतो ते जहूरला माहीत होतं. माडाच्या वाडीतून दोनशे पावलं, तिथं पुळण सुरू होते. लहानपणी तो तिथं असायचा, दिवसच्या दिवस. मग एका वर्षी त्यानं पँट इस्त्री करून घेतली आणि विमानात बसला, आणि त्यानंतर ती पुळण त्यानं फक्त ऐकली आहे, रात्री, खोकी रिकामी झाल्यावर.

"पुढच्या वर्षी म्हणतोस," अम्मा म्हणाली. "अब्बा तुझे पण तेच म्हणायचे."

"पण अम्मा, खोकं..." तो म्हणाला आणि थांबला. "तू बसतेस ना, सगळ्यांना बोलावून. ते राहणार यंदा."

"साबण होय?" फोन पुन्हा हलला, या वेळी मुद्दाम, ती उठत होती, गुडघ्यावर हात ठेवून, पंख्याच्या जागी छताचे वासे आले, मग कपाटाचं दार, करकर, आणि मग पडद्यावर साबण. साबणांच्या चळती, न फोडलेल्या. पावडरीचे डबे. बामच्या बाटल्या, मोज्यांतून न काढलेल्या. "हे बघ. हे गेल्या वर्षीचं. हे त्याच्या आधीचं. उझमाला फेसवॉश लागतो, ती हा लावत नाही. अर्सलान म्हणतो, चॉकलेट आपल्या नाक्यावर ताजं मिळतं. तुझ्यासमोर नेतात आणि मागून माझ्याकडे आणून ठेवतात, दादी, राहू दे तुझ्याकडे. मी पण घेते. तुला कशाला सांगायचं? तू एवढं बांधून आणतोस. नाव घेऊन दिलं की तुझं तोंड असं होतं," आणि एक क्षण, बहुधा चुकून, पडद्यावर तिचा सगळा चेहरा आला, भुवया वर, ओठ मिटलेले, मुलाची नक्कल करणारा. "मला ते बघायचं असतं."

शहनाझनं शोधणं थांबवलं होतं.

"कधी येणार मग?" चेहरा गेला, कपाळ आलं.

"डिसेंबरात. इन्शाल्ला."

"डिसेंबर बरा. गारवा असतो, पुळणीवर बसवतं. मला धरून न्यावं लागेल तुला. आणि रिकामा ये रे बाबा ह्या खेपेला. ठेवायला जागा नाही." कपाटाचं दार बंद झालं. "तिकडं उतरणार कुणाच्यात?"

"एक बाई आहे. खोल्या भाड्यानं देते."

"नाव काय तिचं?"

"ओर्नेला."

"काय?"

"ओर्नेला."

"असेल. एकटी आहे का?"

"मला काय माहीत, अम्मा!"

"विचारायचं. एकटी असली तर डबा मोठा न्यायचा. खजूर ने तिला, चांगला, सुका नको. पैसे देतोस म्हणून काय परक्या बाईच्या दारात हात हलवत जाशील? शहनाझ कुठाय? फोन दे तिला. तुला नाही समजायचं."

त्यानं फोन दिला आणि गॅलरीत गेला. खाली रस्त्यावर जुम्म्याची गर्दी ओसरली होती, एक जण कलिंगडांच्या गाडीवर ताडपत्री ओढत होता. ऊन तेच, काल होतं तेवढंच. जहूरला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. त्याऐवजी त्याला झोप आली, लहान मुलाला येते तशी, जिथं उभा तिथं. आत दोघी सासू-सुना खजुराच्या जातींवर बोलत होत्या. त्यानं खिशात हात घातला, बाकावरच्या माणसाकडे जायला. आणि फोन आत असल्याचं लक्षात आलं. मग तो तसाच उभा राहिला, कठड्यावर हात ठेवून. हात उताणे ठेवून पाहिले. विचित्र वाटलं. पुन्हा पालथे केले. वेळ आहे अजून, त्यानं स्वतःला सांगितलं, सराव होईल.

ओलाव्यापासून जपा

निघायच्या आदल्या संध्याकाळी तीन बॅकपॅक सोफ्यावर ओळीनं बसले होते, पाहुण्यांसारखे. दारामागच्या खोक्यात अलिनानं स्वतःचे दोन स्वेटर आणि एक उशी टाकून ठेवली होती. "डोन्ट थ्रो इट, अब्बू, फॉर सप्टेंबर," असं जाता जाता म्हणाली होती, आणि त्यावर तो विचार करणार होता, पण आज नाही. आज टेबलावर खजुराचा डबा होता. मोठा. ओर्नेलाबाई एकटी आहे, अलिनानं मेसेज करून विचारलं होतं, स्वतः हसून हसून. उत्तर आलं होतं की नवरा नाही, एक मांजर आहे.

जहूरनं डबा खाकी कागदात गुंडाळला. टेप लावली. सुतळी आणली.

"अब्बू, इट्स कॅबिन बॅगेज. सुतळी कशाला?"

"असू दे."

दोनदा आडवी, दोनदा उभी, गाठ वर. मग मार्कर. इंग्रजीत त्यानं ओर्नेलाचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि त्या नावाची वळणं हाताला नवीन होती. वर्षानुवर्षं तीच तीच नावं लिहिलेला हात मधल्या अक्षरावर जरा अडखळला. मग खाली मराठीत, हव्वाबीकडून.

"शी कान्ट रीड दॅट," अलिना म्हणाली.

"तिला कुठं वाचायचंय? खायचंय."

डबा बॅकपॅकमध्ये सगळ्यात वर गेला. मग सवयीनं त्यानं वजनकाटा बाथरूमसमोर ओढला, बॅकपॅक पाठीला लावला आणि वर चढला. शहनाझ वाकायला आली आणि मध्येच थांबली, कारण वाकायची गरज नव्हती; त्याचे दोन्ही हात मोकळे होते, पोटापुढे काही नव्हतं, त्याला पावलं दिसत होती, पावलांच्या मधला आकडा दिसत होता. "आहे मर्यादेत," तो म्हणाला, आणि शहनाझ आत वळली. बॅकपॅक उतरवून त्यानं भिंतीला टेकवला. काट्यावरून मात्र उतरला नाही. आकडा थरथरला, खाली आला, थांबला. त्यानं तो नीट वाचला. मोजून ठेवलेल्या जहूरपेक्षा तो वाढला होता, बराच.

"किती झालं?" शहनाझनं आतून विचारलं, चादर झटकत.

"माझं?"

"बॅगेचं हो! तुमचं कोण विचारतंय?"

"थांब जरा," जहूर म्हणाला. "आधी माझं बघतोय."